तारेला निरोप मिळाला, टेलेक्सला नाही

२०१३ साली भारत संचार निगमने तारसेवा बंद केली तेव्हा देशभर हळहळ व्यक्त झाली. १४ जुलै हा तार स्वीकारण्याचा अखेरचा दिवस होता. तो रविवार असूनही तारघरांसमोर रांगा लागल्या, आयुष्यात कधी तार न केलेल्या तरुणांनी आजी-आजोबांना, मित्रांना आणि कित्येकांनी तर स्वतःलाच तारा पाठवल्या, आणि वर्तमानपत्रांत १६३ वर्षांच्या इतिहासावर लेख आले. हे सारे यथायोग्यच होते. परंतु तारेच्याच जाळ्यातून पुढे आलेली, एका यंत्रावर टंकलेला मजकूर थेट दूरच्या यंत्रावर छापणारी टेलेक्स सेवा त्याआधीच व्यवहारातून नाहीशी झाली होती आणि तिच्या जाण्याची साधी नोंदही कोणी घेतली नव्हती. तिच्यासाठी ना रांग लागली, ना कोणी आठवणी लिहिल्या. हा अन्याय आहे असे मला फार दिवसांपासून वाटते.

१९८० च्या दशकात मी मुंबईच्या फोर्ट भागातील एका निर्यात कचेरीत नोकरीला होतो आणि तेथील टेलेक्स यंत्र माझ्या ताब्यात असे. त्यामुळे माझे मत निःपक्षपाती आहे, असा दावा मी करणार नाही. तरीही या दोन सेवांचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. तारेने व्यापाराला वेग दिला, पण खात्री दिली नाही. आपले म्हणणे नेमक्या कोणाच्या हाती, कोणत्या शब्दांत आणि किती वाजता पडले हे निश्चितपणे सांगणारे पहिले साधन टेलेक्स होते. त्यानंतर आलेल्या साधनांपैकी कोणी ही खात्री तितक्या सहजपणे दिली आहे, असे मला वाटत नाही.

तारेविषयीची आपली सामूहिक स्मृती घरगुती आहे. दारात तारवाला उभा राहिला की आत स्वयंपाकघरापर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरत. ‘मदर सीरियस, स्टार्ट इमिजिएटली’ हे शब्द इंग्रजी न येणाऱ्यालाही कळत, आणि तार वाचून दाखवण्यासाठी शेजारच्या मास्तरांना बोलावण्याआधीच घरात रडारड सुरू होई. आनंदाच्या तारा नव्हत्या असे नाही. शुभेच्छांची ठरावीक वाक्ये क्रमांक घालून छापलेली असत आणि नुसता क्रमांक लिहून दिला की पलीकडे पूर्ण वाक्य उमटे. १ म्हणजे दिवाळीच्या शुभेच्छा, ८ म्हणजे नवदांपत्याला दीर्घ आणि सुखी संसाराची सदिच्छा. पण तारेचा जन्म आईच्या आजारासाठी किंवा लग्नाच्या शुभेच्छांसाठी झाला नव्हता. ती सरकारासाठी आणि त्याच्या खालोखाल व्यापाऱ्यांसाठी जन्माला आली होती.

भारतातील तारेचा मूळ पुरुष एक डॉक्टर होता. विल्यम ब्रूक ओशॉनेसी हा आयरिश वैद्य कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत असे. पटकीच्या रोग्यांच्या रक्तात पाणी आणि क्षार कमी होतात हे त्याने भारतात येण्यापूर्वीच दाखवून दिले होते, आणि भांगेचे औषधी गुण पाश्चात्त्य वैद्यकाला सांगणाराही तोच. १८३९ साली त्याने कलकत्त्याजवळ बांबूंच्या खांबांवर सुमारे वीस मैल लांबीची तार ताणून प्रयोग केला. तेव्हा संदेश ओळखण्यासाठी बोटाला बसणारा विजेचा झटका हे एक साधन होते आणि हुगळी नदीचे पाणीदेखील त्याने विद्युत मंडलाचा भाग म्हणून वापरून पाहिले. सरकारने त्या वेळी फारसे लक्ष दिले नाही. पुढे डलहौसीच्या कारकिर्दीत कलकत्ता ते डायमंड हार्बर ही पहिली प्रायोगिक मार्गिका १८५० मध्ये सुरू झाली. तिचे काम पाहणाऱ्यांत शिवचंद्र नंदी हा ओशॉनेसीचा बंगाली साहाय्यक प्रमुख होता. ही मार्गिका नदीच्या मुखाकडेच का गेली, याचे उत्तर सोपे आहे. येणाऱ्या-जाणाऱ्या जहाजांची बातमी कलकत्त्याच्या पेढ्यांना आधी हवी होती.

१८५३ च्या अखेरीस मोठे काम निघाले आणि थोड्याच काळात कलकत्ता, आग्रा, पेशावर, मुंबई आणि मद्रास ही ठिकाणे एका जाळ्यात आली. मुंबईची तार इंदूरच्या बाजूने सेंधव्याचा घाट उतरून आली. ओशॉनेसीने युरोपातील नाजूक तारेऐवजी जाड लोखंडी सळई वापरली, कारण येथे वादळ, माकडे आणि पक्ष्यांचे थवे यांच्याशी गाठ होती आणि दुरुस्तीला माणूस पोहोचायला दिवस लागत. फेब्रुवारी १८५५ पासून ही सेवा लोकांसाठी खुली झाली. ४०० मैलांपर्यंत १६ शब्दांना एक रुपया असा दर होता आणि त्यात पत्त्याचे शब्दही मोजले जात. त्या काळी एक रुपया ही मजुराच्या कित्येक दिवसांची कमाई होती, तेव्हा ‘लोकांसाठी’ म्हणजे कोणासाठी हे वेगळे सांगायला नको. १८५७ च्या मे महिन्यात उठावाची खबर घेऊन दिल्लीहून अंबाल्याला गेलेल्या संदेशाची हकिकत इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की ती येथे पुन्हा सांगत नाही. एवढेच म्हणतो की त्यानंतर तारेवर खर्च का करायचा, हा प्रश्न सरकारी दप्तरात उरला नाही.

मुंबईपुरते बोलायचे तर तारेचे पहिले मोठे गिऱ्हाईक अफू आणि कापूस हे होते. चीनमधील अफूच्या भावाची बातमी बोटीने श्रीलंकेतील गॉल बंदरात येई आणि तेथून तारेने मुंबईच्या सट्टेवाल्यांकडे पोहोचे. ज्याला ती काही तास आधी कळली त्याचे भाग्य उजळले. कापसाची कथा आपल्याला अधिक परिचयाची आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि १८६१ पासून मुंबईत पैशाचा पूर आला. त्या पैशातून समुद्र हटवणाऱ्या कंपन्या आणि बँका उभ्या राहिल्या. १८६५ मध्ये युद्ध संपले आणि १ जुलैच्या वायद्याच्या दिवशी मुंबईतील भलेभले व्यापारी बुडाले. याच वर्षाच्या आरंभी इराणच्या आखातातील ग्वादर ते फाओ ही समुद्री तार आणि पुढची तुर्की भूमार्गावरील तार जोडली जाऊन कराचीमार्गे भारताचा युरोपशी थेट संबंध सुरू झाला होता. लिव्हरपूलचा भाव कळण्यासाठी बोटीची महिनाभर वाट पाहण्याचे दिवस संपत आले होते.

या भूमार्गाच्या तारेचे वर्णन वाचताना मला माझ्या टेलेक्सच्या दिवसांचा अभिमान वाटू लागतो. २० शब्दांच्या तारेला सुमारे ५ पौंड पडत आणि तरीही संदेश पोहोचायला कित्येक दिवस लागत. वाटेतील प्रत्येक ठाण्यावर तो उतरवून घेऊन पुन्हा पाठवावा लागे, आणि ती अक्षरे उतरवणाऱ्या तुर्की किंवा अरब तारबाबूला इंग्रजीचा गंध नसे. त्यामुळे लंडनहून निघालेला मजकूर मुंबईला पोहोचेपर्यंत त्याचा अर्थ लावणे हेच एक काम होऊन बसे. यावर दोन उपाय निघाले आणि दोन्ही १८७० मध्ये सिद्धीस गेले. सीमेन्स बंधूंनी लंडनपासून तेहरानपर्यंत स्वतःच्या देखरेखीखालील भूमार्ग उभारला. दुसरीकडे जॉन पेंडर यांच्या कंपन्यांनी कॉर्नवॉलमधील पोर्थकर्नोपासून जिब्राल्टर, माल्टा, सुएझ आणि एडन मार्गे मुंबईपर्यंत समुद्राखालून तार आणली. एडन-मुंबई हा लांबलचक टप्पा ‘ग्रेट ईस्टर्न’ या त्या काळच्या सर्वांत मोठ्या जहाजाने घातला. उष्ण प्रदेशात आतील तारेचे वेष्टन वितळू नये म्हणून ते अवाढव्य जहाज पांढरे रंगवले होते, कारण तारेवर मलायातील झाडांच्या चिकापासून बनवलेल्या गटापर्चाचे आवरण असे आणि त्याला उष्णता सोसत नसे. जून १८७० मध्ये लंडन आणि मुंबई यांच्यात समुद्रमार्गे तारेचा व्यवहार सुरू झाला.

रॉयटर्सने मुंबईत आपली कचेरी उघडली होती ती त्याआधीच, १८६६ मध्ये. बातमीचे गिऱ्हाईक वर्तमानपत्रे होती खरी, पण भावाचे गिऱ्हाईक पेढ्या होत्या आणि पैसा भावात अधिक होता.

समुद्री तार आल्यावर अंतराचा प्रश्न सुटला आणि खर्चाचा प्रश्न उरला. शब्दाला पैसे पडतात म्हटल्यावर व्यापारी माणूस शब्द वाचवणारच. त्यातून सांकेतिक कोशांचा एक मोठा व्यवसाय उभा राहिला. या जाड कोशांत व्यापारातील हजारो वाक्ये दिलेली असत आणि प्रत्येक वाक्यासमोर एक कृत्रिम शब्द असे, जो पाठवला की ‘तुमचा प्रस्ताव मान्य आहे, माल पुढील महिन्यात जहाजावर चढवू’ एवढा मजकूर एका शब्दाच्या पैशांत जाई. पत्त्याचे शब्दही मोजले जात असल्याने पेढ्यांनी तारखात्याकडे एका शब्दाचा नोंदणीकृत पत्ता घेतला. जुन्या मुंबईकर कंपन्यांच्या पत्रांच्या शिरोभागी दूरध्वनी क्रमांकाशेजारी ‘तार’ असे लिहून पुढे जो एकच चमत्कारिक शब्द दिसतो, तो हाच. मात्र या काटकसरीची एक किंमत होती. साध्या वाक्यातील एखादे अक्षर चुकले तर वाचणारा अंदाजाने दुरुस्त करी. सांकेतिक शब्दातील एक अक्षर चुकले की वेगळेच वाक्य तयार होई, आणि ते वाक्यही अर्थपूर्ण असल्याने चूक झाल्याचे कळतसुद्धा नसे. चुकलेल्या तारेबद्दल तारखाते नुकसानभरपाई देत नसे. म्हणजे वेग विकत मिळाला, जोखीम आपल्यापाशीच राहिली.

तारेने घड्याळेही ताब्यात घेतली, हे थोडे विषयांतर होईल, पण मुंबईकराला ते टाळवत नाही. तारखाते आणि रेल्वे मद्रासच्या वेळेवर चालत, तर मुंबई आपल्या सूर्याप्रमाणे. १८८१ मध्ये गव्हर्नर जेम्स फर्ग्युसन यांनी मद्रासची वेळ शहरावर लादली तेव्हा मुंबईकरांनी ती मानली नाही आणि दोन वर्षांत सरकारला माघार घ्यावी लागली. १९०६ मध्ये भारतीय प्रमाणवेळ आली, तरी मुंबईची स्वतंत्र वेळ तिच्याहून ३९ मिनिटे मागे राहून १९५५ पर्यंत टिकली. तारबाबू मात्र या काळात कधीच शहराच्या घड्याळाकडे पाहत नसत.

या तारबाबूंच्या हाती व्यापाराच्या नाड्या किती होत्या हे १९०८ च्या संपाने दाखवून दिले. कामाच्या वेळा आणि पगार यांवरून रंगूनपासून मुंबईपर्यंत तारखात्यातील कर्मचाऱ्यांनी काम थांबवले आणि बाजारपेठा अक्षरशः बहिऱ्या झाल्या. त्यानंतर १९१४ मध्ये तार आणि टपाल ही खाती एकत्र करण्यात आली. मुंबईचे मध्यवर्ती तारघर हुतात्मा चौकाजवळच्या ज्या दगडी इमारतीत राहिले ती मुळात टपाल कचेरी म्हणूनच बांधलेली होती. बोरीबंदरजवळ घुमटाची नवी जनरल पोस्ट ऑफिसची इमारत १९१३ मध्ये पूर्ण झाली आणि टपाल तिकडे गेले.

समुद्री तारेची मक्तेदारी मोडली ती आपल्या पुणे जिल्ह्यातून. २३ जुलै १९२७ रोजी व्हाइसरॉय आयर्विन यांनी खडकी आणि दौंड येथील लघुलहरी केंद्रांचे उद्घाटन केले. खडकीहून संदेश इंग्लंडकडे सोडले जात आणि तिकडून आलेले दौंडला पकडले जात. बिनतारी संदेश इतका स्वस्त पडू लागला की समुद्री तार चालवणाऱ्या कंपन्यांना त्या स्पर्धेपुढे एकत्रीकरण करावे लागले. भारतातही १९३२ मध्ये तार आणि रेडिओ यांची मिळून एकच कंपनी झाली. १ जानेवारी १९४७ रोजी सरकारने ती ताब्यात घेतली आणि तिची ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिस झाली. तीच पुढे १९८६ मध्ये विदेश संचार निगम बनली. दौंड जंक्शनवर गाडी तासभर रखडली की या गोष्टीची मला नेहमी आठवण होते, पण शेजारच्या प्रवाशाला ती सांगितली तर तो अविश्वासाने पाहतो.

आता टेलेक्सकडे येतो. मोर्सच्या पद्धतीत एक शिकलेला माणूस कळ दाबतो आणि दुसरा शिकलेला माणूस कट्टकडकट्ट ऐकून अक्षरे लिहितो. या दोन माणसांना वगळता येईल का, हा प्रश्न १८७० च्या दशकातच पडला होता. एमिल बोदो या फ्रेंच अभियंत्याने प्रत्येक अक्षराला पाच घटकांची समान लांबीची खूण दिली. पाच जागा आणि प्रत्येक जागी विद्युत संकेत आहे किंवा नाही, अशा ३२ शक्यता होतात. मुळाक्षरे, अंक आणि चिन्हे मिळून एवढ्यात बसत नाहीत म्हणून एक कळ अक्षरांसाठी आणि एक अंकांसाठी अशी योजना झाली. न्यूझीलंडच्या डोनाल्ड मरे याने या पद्धतीला टंकयंत्राची कळपाटी जोडली आणि इंग्रजीत वारंवार येणाऱ्या अक्षरांना कमीत कमी छिद्रे पडतील अशी फेरमांडणी केली, म्हणजे यंत्राची झीजही कमी. १९३३ मध्ये जर्मनीने बर्लिन आणि हॅम्बुर्ग यांच्यात या दूरटंकयंत्रांचे असे जाळे सुरू केले की ज्यात दूरध्वनीसारखा क्रमांक फिरवून हव्या त्या यंत्राशी संबंध जोडता येई. तेच टेलेक्स.

भारतात त्याचा विस्तार १९६० च्या दशकात झाला. १९६० मध्ये मद्रासला हिंदुस्थान टेलिप्रिंटर्स हा सरकारी कारखाना इटलीच्या ऑलिव्हेटी कंपनीच्या सहकार्याने स्थापन झाला आणि देशी यंत्रे मिळू लागली. १९७१ मध्ये जुन्नर भागातील आर्वीचे उपग्रह केंद्र सुरू झाल्यावर परदेशी टेलेक्सची वाट अधिक भरवशाची झाली. टेलेक्सच्या क्रमांकपद्धतीत मुंबईला ०११ हा संकेतांक होता आणि दिल्लीला ०३१, हे आज दिल्लीला ०११ फिरवणाऱ्यांना गमतीचे वाटेल. जोडणीसाठी अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. ज्यांच्याकडे यंत्र नव्हते ते तारघरातील सार्वजनिक टेलेक्सवर मजकूर देत किंवा ओळखीच्या कचेरीत येऊन विनंती करत, आणि आमच्या मजल्यावरील निम्म्या कंपन्यांची गुपिते त्यामुळे मला ठाऊक असत.

यंत्र लोखंडी, जड आणि कमालीचे गोंगाटी होते. त्याचा वेग ५० बॉड, म्हणजे मिनिटाला सुमारे ६६ शब्द, हा जगभर ठरलेला होता. चांगला टंकलेखकही सलग त्या वेगाने टंकत नाही आणि लाइनवर असताना प्रत्येक क्षणाचे पैसे पडतात, म्हणून मजकूर आधी कागदी पट्टीवर पंच करून ठेवायचा, पट्टी वाचकात घालायची, क्रमांक लावायचा आणि संबंध जुळला की पट्टी पूर्ण वेगाने सोडायची, हा शिरस्ता. पट्टीवरील पाच छिद्रांच्या रांगा सवयीने डोळ्यांनी वाचता येत. लाइन ठीक आहे की नाही हे पाहायला ‘आर’ आणि ‘वाय’ ही दोन अक्षरे आळीपाळीने ओळभर पाठवत, कारण या दोन अक्षरांच्या खुणा एकमेकींच्या अगदी उलट असतात आणि यंत्राचा प्रत्येक भाग त्यांत तपासला जातो. पलीकडची लाइन व्यग्र असली तर यंत्र ‘ओसीसी’ छापून गप्प बसे, आणि दिवाळीआधीच्या आठवड्यात त्या तीन अक्षरांनी आमचा कागद भरून जाई.

तार शब्दांवर आकारली जाई आणि टेलेक्स वेळेवर, या एका फरकाने दोहोंची भाषा वेगळी घडली. तारेत शब्द गळत आणि उरलेले पूर्ण लिहिले जात. टेलेक्समध्ये शब्द सगळे असत, अक्षरे गळत. ‘प्लीज’चे तीन अक्षरांत, ‘थँक्स’चे तीन अक्षरांत आणि ‘रिगार्ड्स’चे चार अक्षरांत काम भागे. पुढे मोबाइलवर मुले तसे लिहू लागली तेव्हा भाषा बुडाली म्हणून जो गहजब झाला, त्याची मला गंमत वाटली. फोर्ट आणि बॅलार्ड पिअरमधील अत्यंत सभ्य गृहस्थ ते वीस वर्षांपासून करत होते.

पण टेलेक्सचे खरे वैशिष्ट्य होते आन्सरबॅक. प्रत्येक यंत्रात त्याची ओळख यांत्रिक रीतीने कोरलेली असे. टेलेक्स क्रमांक, कंपनीचे संक्षिप्त नाव आणि अखेरीस देशाचा संकेत, भारतासाठी ‘आयएन’, असे ते छापले जाई. ‘तुम्ही कोण’ या अर्थाची कळ दाबली की पलीकडचे यंत्र, त्याच्यासमोर माणूस असो वा नसो, आपली ओळख आपण होऊन पाठवी. मजकुराच्या आधी एकदा आणि नंतर एकदा ही ओळख मागायची. दोन्ही वेळा तीच आली तर संबंध मध्ये तुटला नाही आणि संपूर्ण संदेश त्याच यंत्रापर्यंत पोहोचला, हे सिद्ध होई. मजकुरातील एखादे अक्षर लाइनच्या दोषाने बिघडू शके, म्हणून किंमत, वजन आणि तारखा यांचे सर्व आकडे शेवटी पुन्हा एकदा ओळीने द्यायचे. या सगळ्यातून जो कागद तयार होई, त्याची प्रत दोन्ही कचेऱ्यांत एकसारखी असे. हॅम्बुर्गचा खरेदीदार संध्याकाळी आमचे दार बंद झाल्यावरही संदेश पाठवू शके. सकाळी कुलूप काढले की यंत्रातून निघालेल्या कागदाची लांब पट्टी जमिनीवर लोळण घेत असे आणि ती फाडून प्रत्येकाच्या टेबलावर पोहोचवणे हे दिवसाचे पहिले काम.

बँकांनी याच्यावर आणखी एक कडी बसवली. पतपत्र, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेची पैशांची हमी, किंवा पैसे चुकते करण्याचा आदेश टेलेक्सने देताना रक्कम, तारीख, चलन यांवरून गुप्त कोष्टकाच्या साहाय्याने एक परीक्षांक काढून मजकुराच्या आरंभी घालत. घेणारी बँक आपल्या कोष्टकावरून तोच अंक काढून पाहत असे आणि जुळला तरच पैसे देत असे. १९७७ मध्ये कार्यान्वित झालेल्या, बँकांमधील संदेशांच्या स्विफ्ट या जाळ्याने हेच काम संगणकावर नेले. भारतीय बँका त्यात १९९१ मध्ये आल्या आणि तोवर परीक्षांकाचा टेलेक्स हाच आमच्या पैशांचा भरवसा होता.

ही खात्री न्यायालयांनीही ओळखली होती. इंग्लंडमधील १९५५ चा एक निकाल या बाबतीत पायाभूत मानला जातो. लंडनच्या एन्टोर्स कंपनीने ॲमस्टरडॅममधील प्रतिनिधीला टेलेक्सने प्रस्ताव दिला आणि तिकडून टेलेक्सनेच मान्यता आली. मग करार झाला कोठे? पत्र किंवा तार असती तर ती पाठवली गेली तेथेच, म्हणजे हॉलंडमध्ये, करार झाला असता. न्यायमूर्ती डेनिंग यांनी सांगितले की टेलेक्स हा समोरासमोरच्या बोलण्यासारखा आहे, मान्यता पोहोचेल तेथे करार होतो, म्हणून करार लंडनला झाला.

आपल्याकडे हाच प्रश्न विदर्भाच्या एका मोठ्या कापूसपेठेतून सर्वोच्च न्यायालयात गेला. १९५९ च्या जुलैमध्ये अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या जिनिंग व तेल गिरणीच्या मालकांशी दूरध्वनीवर सरकीच्या पेंडीचा सौदा केला. माल आला नाही म्हणून अहमदाबादला दावा लागला आणि खामगावकरांचे म्हणणे पडले की होकार आम्ही खामगावात दिला, तेव्हा करार खामगावचा आणि दावाही तिकडेच चालला पाहिजे. १८७२ च्या करार कायद्यात दूरध्वनीचा विचार असणे शक्यच नव्हते, कारण तो तेव्हा अस्तित्वात नव्हता. १९६५ मध्ये न्यायमूर्ती शहा आणि वांछू यांनी बहुमताने एन्टोर्सच्याच तत्त्वावर निकाल दिला की होकार जेथे ऐकू आला तेथे, म्हणजे अहमदाबादला, करार झाला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी भिन्नमत नोंदवले. कायद्याचे शब्द जसे आहेत तसे वाचले तर मान्यता देणाऱ्याने ती आपल्या ताब्याबाहेर सोडताक्षणी करार पूर्ण होतो, असे त्यांचे म्हणणे होते. ते पूर्वी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हा खटला आजही शिकवला जातो. मला व्यक्तिशः हिदायतुल्ला यांचा तर्क अधिक काटेकोर वाटतो आणि बहुमताचा निकाल अधिक व्यवहार्य.

टेलेक्सचा शेवट फॅक्सने सुरू केला. फॅक्सवर सही, शिक्का, नकाशा, मराठी मजकूर, काहीही जाई आणि वेगळी लाइनही लागत नसे, साधा दूरध्वनी पुरे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस एकेका कचेरीत ते यंत्र दिसू लागले आणि आमच्या यंत्राची घरघर विरळ होत गेली. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने इंटरनेट सर्वांसाठी खुले केल्यावर उरलेसुरले कामही संपले. तार मात्र त्यानंतर अठरा वर्षे टिकली. जवानांच्या रजेचे अर्ज, वकिलांच्या सूचना, सरकारी खात्यांचे निरोप आणि पळून जाऊन लग्न केलेल्या जोडप्यांनी पोलिसांना पाठवलेल्या तारा, हे तिचे अखेरचे गिऱ्हाईक होते. या सगळ्यांना वेग नको होता, सरकारी शिक्क्याचा पुरावा हवा होता. जहाजवाहतुकीत मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल ताब्यात घेण्याचा दस्तऐवज, न दाखवता माल सोडण्याच्या सूचनेला न्हावाशेव्यातील क्लिअरिंग एजंट अजूनही ‘टेलेक्स रिलीज’ म्हणतात, जरी ती सूचना आता ई-मेलने येते आणि म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ते यंत्र पाहिलेले नाही.

खामगावचा प्रश्नही ई-मेलबरोबर पुन्हा उभा राहिला. संदेश कोणत्या देशातील संगणकातून फिरून आला हे कोणालाच ठाऊक नसते, म्हणून २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या १३ व्या कलमाने ठरवून टाकले की वेगळा करार नसेल तर संदेश पाठवणाऱ्याच्या व्यवसायाच्या जागेवरून निघाला आणि घेणाऱ्याच्या व्यवसायाच्या जागी पोहोचला असे मानायचे. जागेचा प्रश्न असा कायद्याने मिटला. पोहोचल्याच्या पुराव्याचा मिटला नाही. आमच्या काळी फाइलमधून आन्सरबॅकसह टेलेक्सची प्रत काढून टेबलावर ठेवली की समोरचा सहसा वाद घालत नसे. आज ई-मेलची छापील प्रत न्यायालयात द्यायची तर तिच्यासोबत पुरावा कायद्याच्या कलम ६५-ब खाली, आणि २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली, प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ते जोडल्यावरही विरुद्ध पक्षाचा वकील उभा राहून विचारतोच की हा संदेश माझ्या अशिलाने वाचला कशावरून.